आईच्या पायाच्या फुगलेल्या शिरा, घोट्याजवळ न भरणारी जखम: लेझर करावं का? अनुभव हवेत

गोदाकाठ | २१ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझी आई ५८ वर्षांची. नाशिकला आमचं छोटं पोळी-भाजी केंद्र आहे, त्याला १९ वर्षं झाली. आई पहाटे साडेचारला कणीक तिंबायला घेते, ती दुपारी दीडपर्यंत ओट्याशी उभी असते. संध्याकाळी पुन्हा तीन तास. मदतीला दोघीजणी आहेत, पण पोळ्या लाटायचं काम ती कुणाला देत नाही.

डाव्या पोटरीवरच्या शिरा दोरीच्या वेटोळ्यासारख्या वर आल्यात. हे दहाएक वर्षांपासून आहे. "उभं राहिलं की व्हायचंच" म्हणून तिनेही सोडून दिलं आणि आम्हीही. दिवाळीनंतर घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट आणि टणक झाली, खाज सुटायला लागली. फेब्रुवारीत तिथे पाटाची कड लागली. रुपयाएवढी जखम झाली ती आजपर्यंत भरलेली नाही. साखर तपासली, नॉर्मल आहे. मलमं झाली, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले.

आता सर्जननी डॉप्लर (शिरेतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) करून सांगितलंय की मोठ्या शिरेच्या झडपा निकामी आहेत, लेझरने शीर आतून बंद करू. आईचा एकच प्रश्न: "शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? आणि उद्या हृदयाच्या ऑपरेशनला पायाचीच शीर काढतात ना, मग काय करायचं?" मला उत्तर देता आलं नाही. ज्यांनी हे केलंय किंवा घरात पाहिलंय, त्यांनी कृपया लिहा.

सोनटक्का | २१ एप्रिल, रात्री ११:१५

ताई, आईंना आधी सांगा की त्या एकट्या नाहीत. मला दुसऱ्या गरोदरपणात दोन्ही मांड्यांवर शिरा आल्या होत्या. डॉक्टरांनी स्टॉकिंग (पायाला दाब देणारे घट्ट, लांब मोजे) दिले आणि बाळंतपणानंतर बघू म्हणाले. सहा महिन्यांत बऱ्याचशा उतरल्या, एका पायावर थोड्या राहिल्यात. मला जखम वगैरे काही नव्हती, त्यामुळे लेझरबद्दल नाही सांगू शकत. पण ते स्टॉकिंग चढवणं म्हणजे एक कसब आहे. कुणी शिकवलं नाही तर माणूस चौथ्या दिवशी कपाटात टाकतो.

कात्री_कंगवा | २२ एप्रिल, सकाळी ७:०५

सोलापुरात सलून आहे माझं, २७ वर्षं उभ्यानेच काम. आमच्या धंद्यात दहातल्या चौघांच्या पोटऱ्या बघा, कळेल.

माझं दोनदा झालंय. २००४ साली जुन्या पद्धतीने: कमरेत इंजेक्शन, जांघेत आणि घोट्याजवळ छेद, तार घालून शीर ओढून काढली. अख्खी मांडी आतून निळी-काळी. २० दिवस दुकान बंद. ११ वर्षांनी त्याच पायात पुन्हा शिरा आल्या. २०१५ ला लेझर केलं. गुडघ्याजवळ सुईएवढं भोक, शिरेभोवती बधिर करायचं पाणी भरतात, ते टोचताना जरा दुखतं. तासाभरात झालं, आणि त्यांनी मला लगेच अर्धा तास चालायला लावलं! चौथ्या दिवशी कात्री हातात. मांडीच्या आतून दोरी ताणल्यासारखं पंधरा दिवस वाटत होतं, मग गेलं.

तेव्हा आईंना सांगा, घाबरू नका. मात्र लेझर केलं म्हणजे जन्माची सुटका असं कुणी सांगत असेल तर तसं नाही. उभं राहण्याचं काम तेच राहिलं तर दुसरी शीर फुगू शकते.

वाटसरू | २२ एप्रिल, सकाळी ९:३०

माझा सल्ला वेगळा आहे. ऑपरेशनची घाई करू नका. आमच्याकडे अशा जखमेला हळद आणि तूप भरतात. माझ्या मामीला एका वैद्यांनी जळवा लावल्या होत्या, पाय हलका झाला. शरीरातली शीर देवाने उगाच दिलेली नाही.

सोनटक्का | २२ एप्रिल, सकाळी ९:४८

वाटसरूदादा, फेब्रुवारीपासून न भरलेल्या जखमेत घरातलं काहीही भरू नये असं मला वाटतं. माझ्या सासूबाईंच्या जखमेला हळदीखाली पू धरला होता, वरून कोरडी दिसत होती.

डॉ_सह्याद्री | २२ एप्रिल, दुपारी ३:२०

मी तालुक्याच्या गावी जनरल सर्जन आहे. आठवड्यात असे दोन-तीन पाय बघतो, त्यात शिक्षिका, कंडक्टर, शेतमजूर बायका आणि आचारी जास्त. जरा सविस्तर लिहितो.

पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळली की शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरेत जागोजागी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. विहिरीच्या पंपाचा फूटव्हॉल्व गळका झाला की पाइपातलं पाणी परत विहिरीत येतं, अगदी तसंच इथे होतं. त्यातून माणूस एका जागी उभा असेल तर पोटरीचा पंपही बंद. रक्त खाली साचतं, शीर फुगते, वाकडी होते. घोट्याजवळ दाब वर्षानुवर्षं राहिला की लाल पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत मुरतं. तोच काळा डाग. अशा कातडीला साधा पाट लागला तरी जखम होते आणि भरत नाही, कारण तिथे दाब कायम आहे. वरून मलम लावून आतला दाब कमी होत नाही. अँटिबायोटिकनेही नाही.

आता आईंच्या प्रश्नाचं उत्तर. पायातलं बहुतेक रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधून वर जातं. आपण बंद करतो ती कातडीखालची शीर, आणि ती तर आधीच रक्त उलटं खाली आणते आहे. ती बंद केली की रक्त खोल शिरांकडे वळतं आणि पायाचा भार हलका होतो. अर्थात खोल शिरा मोकळ्या आहेत हे डॉप्लरमध्ये आधी बघावंच लागतं. तुमच्या रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं असेल, बघा.

डॉप्लर उभं करून केला होता का, हेही विचारा. झडप गळते का ते आडव्या पायात नीट कळत नाही. कातडीखालच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त उलटं वाहिलं तर झडप निकामी धरतात.

आणि घाईबद्दल. नुसत्या फुगलेल्या शिरा असत्या तर मीही म्हणालो असतो, सावकाश ठरवा. पण इथे जखम आहे. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पायाला दाब देणारी घट्ट पट्टी दोन्ही गटांना होती. एका गटाची शीर २ आठवड्यांच्या आत बंद केली, दुसऱ्यांना थांबवलं. पहिल्या गटात जखम भरायला ५६ दिवस लागले, दुसऱ्यात ८२. (ही मधली संख्या आहे, प्रत्येकाला तेवढेच दिवस लागतील असं नाही.) म्हणजे थांबण्यात आईंचा फायदा नाही.

वाटसरू, जळवांनी त्या जागेचं साचलेलं रक्त निघून हलकं वाटू शकतं, मामींचा अनुभव खोटा म्हणत नाही. पण झडप त्याने दुरुस्त होत नाही, आणि आधीच नाजूक झालेल्या कातडीला नवीन जखमा होतात.

कोकणचा_पाहुणा | २२ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

फूटव्हॉल्वचं उदाहरण वाचून आमच्या बाबांना एका मिनिटात सगळं कळलं. म्हणाले, "मग गडी बोलवून वायसर बदलता येत नाही का?" आता तेच डॉक्टरांना विचारतो, खरंच झडप दुरुस्त करता येत नाही का?

डॉ_सह्याद्री | २२ एप्रिल, रात्री ९:००

बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे! कातडीखालच्या शिरेची झडप दुरुस्त करण्यात हशील नाही, शीरच सैल झालेली असते. खोल शिरेच्या झडपेवर शस्त्रक्रिया असतात, पण त्या अवघड आणि फार थोड्या लोकांसाठी.

संत्राबर्फी | २३ एप्रिल, सकाळी ८:२५

कळकळीने एक गोष्ट सांगायची आहे. पाय दुखतो म्हणून स्वतःच दुकानातून घट्ट स्टॉकिंग आणू नका.

माझे बाबा नागपूरला असतात, ६६ वय, ४० वर्षं बिडी. चालताना पोटरीत गोळा यायचा. चौकापर्यंत गेले की थांबायचे, दोन मिनिटांत बरं वाटायचं, पुन्हा चालायचे. आम्हाला वाटलं वय झालं. शेजारच्यांच्या सांगण्यावरून मी स्वतः स्टॉकिंग आणले. पाच-सहा दिवसांत अंगठा निळसर पडला. रात्री दुखणं इतकं, की पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवून बसायचे, तेव्हाच जरा आराम. मोठ्या रुग्णालयात नेलं तेव्हा कळलं की हा शिरांचा आजारच नाही, रक्त खाली नेणाऱ्या धमन्या बंद झाल्यात. वर मी घट्ट मोजा चढवून राहिलेलं रक्तही अडवलं होतं. धमनीत फुगा घालून स्टेंट टाकला. पाय वाचला, अंगठा गेला.

ते आजही मला काही बोलत नाहीत. पण मी हे जिथे संधी मिळेल तिथे लिहिते.

डॉ_सह्याद्री | २३ एप्रिल, दुपारी १:४०

संत्राबर्फीताई, हे लिहिलंत, फार मोलाचं आहे. सगळ्यांनी दोन्ही दुखण्यांतला फरक लक्षात ठेवा. शिरांचं दुखणं उभं राहून वाढतं, पाय उशीवर वर घेतला की उतरतं. धमनीचं दुखणं चालताना येतं, थांबलं की जातं, आणि आजार वाढला की पाय वर घेतला तर उलट जास्त दुखतं, खाली सोडला की बरं वाटतं. पाय गार लागतो, बोटांवरचे केस जातात, पावलावरची नाडी लागत नाही.

म्हणून पट्टी किंवा स्टॉकिंग देण्याआधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागतात. ०.९ पेक्षा कमी आला तर धमनीत अडथळा आहे असं समजायचं. जुना मधुमेह असेल तर धमन्या कडक होऊन हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो, तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब बघावा लागतो.

आणि तंबाखू. पंचविशी-तिशीतल्या मुलांची बोटं काळी पडलेली मी पाहिली आहेत, निव्वळ बिडी आणि तंबाखूमुळे. बर्गर यांनी १९०८ साली वर्णन केलेला हा आजार आपल्याकडे अजून दिसतो. तंबाखू पूर्ण सुटली तर पाय वाचण्याची आशा असते, दिवसाला एक बिडी चालू ठेवली तरी आजार पुढे सरकतो. मिश्री लावणाऱ्या आयाबायांनाही मी हेच सांगतो, तीही तंबाखूच.

हडसनकाठ | २३ एप्रिल, रात्री ११:५०

शिरा आणि धमन्या झाल्या, आता गुठळीचं लिहितो. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून न्यू जर्सीला परत आलो. खिडकीची जागा, शेजारचे दोघे झोपलेले, त्यांना उठवायचा संकोच. जवळजवळ १५ तासांत एकदाही उठलो नाही. तिसऱ्या दिवशी उजवी पोटरी सुजून टणक. बायको तेल चोळून देते म्हणत होती. नशीब, तिच्या बहिणीने फोनवर सांगितलं की आधी दाखवा, चोळू नका. खोल शिरेत गुठळी निघाली. तीच सुटून फुफ्फुसात गेली असती तर जीवावर बेतलं असतं.

डॉक्टर म्हणाले, घाबरून प्रवास सोडू नका. चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर धोका साधारण दुप्पट होतो हे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं आहे, पण तो तरीही सहा हजारांत एक इतकाच. मात्र वजन जास्त, गर्भनिरोधक गोळ्या चालू, नुकतंच ऑपरेशन किंवा घरात कुणाला आधी गुठळी झालेली, अशांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं. मी आता मधल्या वाटेलगतची सीट घेतो आणि दर तासाला उठतो.

शेवंतीचीवेणी | २४ एप्रिल, सकाळी १०:१०

हडसनकाठ, रक्त पातळ करायची गोळी किती दिवस? माझे मिस्टर वॉरफरिनवर आहेत. आमच्याकडे मेथी-पालक पूर्ण बंद केलंय, ते अगदी वैतागलेत.

हडसनकाठ | २४ एप्रिल, सकाळी १०:५५

मला नव्या प्रकारची गोळी होती, ६ महिने. तिला पालेभाजीचं पथ्य नाही. वॉरफरिनबद्दल डॉक्टरच सांगतील.

डॉ_सह्याद्री | २४ एप्रिल, दुपारी २:३०

पालेभाजी बंद करायची गरज नसते, प्रमाण सारखं ठेवायचं. आठवडाभर काहीच नाही आणि रविवारी तीन वाट्या मेथी, असं केलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) डगमगतो. साधारण २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा असतो. ठरावीक दिवशी ठरावीक वाटी खाऊ द्या आणि तपासणी चुकवू नका. त्याहून महत्त्वाचं, अंगदुखीची गोळी मनाने देऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो.

आणि सगळ्यांसाठी: एकच पाय अचानक सुजला, दुखतोय, गरम लागतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ, रात्र असली तरी.

वैनगंगा | २४ एप्रिल, संध्याकाळी ७:२०

थोडं विषयांतर. आम्ही भंडाऱ्याकडचे, इकडे पाय सुजला की पहिली शंका हत्तीपायाची. माझ्या काकूला तो समजून वर्षभर कुणी शिरा तपासल्याच नाहीत. उलटही होतं बाप्पा, हत्तीपाय असून शिरांची गोळी चालू. त्या आजाराचे जंतू रात्री रक्तात येतात म्हणून रक्ताचा नमुना रात्री घ्यायला येतात. लोक दार उघडत नाहीत, झोपमोड झाली म्हणून भांडतात. कृपया उघडा. आणि वर्षातून एकदा गोळ्या वाटायला आले की त्या समोरच खा.

पर्वतीपायथा | २५ एप्रिल, सकाळी ११:००

लेझरच्या बाजूने सगळे बोलताहेत म्हणून दुसरी बाजू. मागच्या वर्षी पुण्यात एका मोफत शिबिरात गेले होते. मांडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक निळ्या-लाल रेषा आहेत, बाकी त्रास शून्य. दोन मिनिटं यंत्र फिरवलं, तेही झोपवून, आणि सांगितलं, "दोन्ही पायांना लेझर, या आठवड्यात केलंत तर सवलत." मी घाबरून पैसे भरणारच होते. बहिणीने दुसऱ्या सर्जनकडे नेलं. उभं करून तपासलं, एकही झडप गळत नव्हती. म्हणाले, यांना हात लावायची गरज नाही.

गोदाकाठताईंच्या आईंचं प्रकरण वेगळं आहे हे कळतंय. पण हा धागा वाचून कुणी उगाच पळत सुटू नये. दुसरं मत घेण्यात डॉक्टरांचा अपमान नसतो.

कात्री_कंगवा | २५ एप्रिल, दुपारी २:१५

पर्वतीपायथाशी १००% सहमत. खर्चाचंही बघा. विमा असेल तर पॉलिसी आधी वाचा. माझ्या पॉलिसीत या आजाराला २ वर्षं थांबायची अट होती, मी तेवढा थांबलो. रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, हे ऑपरेशन तिथे योजनेत बसतं का ते भरती व्हायच्या आधी त्याला विचारा. भरती झाल्यावर कागद जमवायला माझ्या मेव्हण्याचा फार जीव गेला.

गोदाकाठ | २५ एप्रिल, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. फूटव्हॉल्व पटला. बिडीवाल्या बाबांचं ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घोट्याचा दाब आज मोजून घेतला, १.०५ आला, म्हणजे धमन्या ठीक आहेत. डॉक्टर, तिचा हृदयाचा प्रश्न राहिला.

डॉ_सह्याद्री | २६ एप्रिल, सकाळी ८:००

हो, तो राहिला. बायपासला पायाची शीर वापरतात हे खरं, पण सरळ आणि निरोगी शीर लागते. आईंची फुगलेली, वाकडी शीर त्या कामाला सहसा येत नाही. वेळ आलीच तर दुसऱ्या पायाची शीर असते, छातीच्या आतली धमनी असते, हातातली असते. निकामी शीर जपून ठेवून उद्याची सोय होत नाही, आजची जखम मात्र चिघळते.

वाटसरू | २६ एप्रिल, सकाळी ९:१५

हे मला माहीत नव्हतं. ताई, माझा पहिला सल्ला मागे घेतो. आईंना लवकर बरं वाटो.

गोदाकाठ | २९ जून, रात्री ९:४५

धागा वर काढतेय, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

९ मे ला लेझर झालं. सकाळी गेलो, संध्याकाळी घरी. आठवड्यातून एकदा चार पदरी पट्टी बदलायला जायचो. तिथली नर्स दर वेळी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनाने कड काढायची आणि मागच्या कागदावर ठेवून दाखवायची. आई ते कागद देवघरात ठेवते आहे. आधी रुपया, मग अठन्नी, मग हरभऱ्याची डाळ. परवाच्या कागदावर काढायला काही उरलंच नाही.

आता रोज स्टॉकिंग. सोनटक्काताई म्हणाल्या तसं पहिले दोन दिवस रडकुंडीला आलो. मग नर्सनेच युक्ती दिली: सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवायच्या आधी चढवायचं, हातात भांडी घासायचे रबरी मोजे घालून. त्याने कापड पकडीत येतं, नख लागून फाटत नाही. मेमध्ये उकाड्याने आई हैराण झाली होती, पण एक दिवस चुकवला नाही.

पोळ्या मात्र सोडल्या नाहीत तिने. मग वेल्डिंगवाल्याकडून एक उंच स्टूल करून घेतलं, खाली पाय टेकवायला आडवी पट्टी. बसून लाटते. तासाला उठून गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर, तेवढ्यात तवा मी बघते.

सोनटक्का | २९ जून, रात्री १०:०२

हरभऱ्याची डाळ वाचून फार फार बरं वाटलं. आईंना नमस्कार सांगा.

कात्री_कंगवा | ३० जून, सकाळी ६:५०

ताई, स्टुलाची उंची किती घेतली? सलूनमधल्या पोरांसाठी दोन करून घ्यावीत म्हणतो.

गोदाकाठ | ३० जून, सकाळी ७:३०

दादा, स्टूल २५ इंच, आमचा ओटा ३३ इंचांचा आहे. पाय टेकवायची पट्टी जमिनीपासून ८ इंचांवर. बैठकीला रेक्झिन लावू नका, घामाने चिकटतं. आम्ही काथ्या विणून घेतलाय.